हरण्याचा हिशोब: ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसची पुनर्बांधणी

आजचा विषय बेसबॉलचा आहे, पण सुरुवात क्रिकेटपासून करू, म्हणजे वाट सोपी होईल.

२००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच वर्षी एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंसाठी वेगळी पद्धत होती. तिला ड्राफ्ट म्हणतात. बोली लावायची नाही. संघांनी पाळीपाळीने एकेक पोरगा निवडायचा. दिल्लीच्या संघासमोर त्यांच्याच शहरातला, नुकताच युवा विश्वचषक जिंकून आलेला कर्णधार होता, विराट कोहली. दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. कोहली बेंगळुरूकडे गेला. पुढचं सांगायला नको.

ही गोष्ट मी सांगतो ती दिल्लीवाल्यांना हसण्यासाठी नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे बघून तो दहा वर्षांनी कुठे असेल हे ओळखणं किती अवघड असतं, एवढंच त्यातून लक्षात घ्यायचं. आता अशी कल्पना करा की एखाद्या संघाने आपलं सगळं भवितव्य याच ओळखण्यावर लावलं. नुसतं लावलं नाही, तर पहिली निवड मिळावी म्हणून तीन वर्षं तळाला राहणंही पत्करलं. असा एक संघ होता, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोस.

नियम काय होता

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सर्वोच्च स्पर्धा. एकूण ३० संघ, आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. १९६५ पासून तिथे ड्राफ्ट आहे. शाळा-कॉलेजातली मुलं त्यातून संघांकडे येतात. आपण ज्या काळाबद्दल बोलतोय, त्या काळात नियम सरळ होता: आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला, त्याला पुढच्या वर्षी सगळ्यात आधी निवडायला मिळणार. हेतू चांगला होता. श्रीमंत संघांनी सगळी गुणी मुलं पळवू नयेत, गरीब संघालाही वर यायची संधी मिळावी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ड्राफ्टमधून आलेला मुलगा लगेच मोठ्या मैदानावर येत नाही. तो मायनर लीगमध्ये, म्हणजे संघाच्या खालच्या फळीतल्या छोट्या गावांच्या संघांत, तीन-चार वर्षं घासला जातो. बरेचसे तिथेच संपतात. दुसरी, जो वर पोचतो तो साधारण सहा वर्षं त्याच संघाशी बांधलेला असतो, आणि पहिली तीन वर्षं तर जवळपास किमान पगारावर. २०१३ साली हा किमान पगार वर्षाला ४ लाख ९० हजार डॉलर होता. बाजारातला तयार खेळाडू त्याच्या वीस-तीस पट घ्यायचा. म्हणजे तरुण आणि चांगला खेळाडू हा संघासाठी सगळ्यात स्वस्त माल. शब्द कठोर आहे, पण व्यवहार तसाच चालतो.

आता कोणत्याही हिशोबी माणसाला प्रश्न पडणारच. १६२ पैकी ७५ सामने जिंकणारा संघ ना जेतेपदाच्या जवळ जातो, ना त्याला पहिली निवड मिळते. मग मध्येच लटकण्यापेक्षा पुरतं तळाला जाणं फायद्याचं नाही का?

३२४ पराभव

ह्यूस्टनचा संघ १९६२ पासूनचा. २००५ साली तो पहिल्यांदाच अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला आणि तिथे शिकागो व्हाइट सॉक्सकडून चारही सामने हरला. त्यानंतर संघ म्हातारा होत गेला आणि खालच्या फळीत तरुण मुलं फारशी उरली नाहीत. २०११ साली तो १०६ सामने हरला. त्याच वर्षी जिम क्रेन या उद्योजकाने संघ विकत घेतला आणि डिसेंबरमध्ये जेफ लूनो याला जनरल मॅनेजर नेमलं.

लूनो हा मेक्सिको सिटीत जन्मलेला, इंजिनिअरिंग शिकलेला, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेला माणूस. सेंट लुईस कार्डिनल्स संघात ड्राफ्टचं काम बघून तो इथे आला होता. सोबत त्याने सिग मेजडाल याला आणलं. हा नासासाठी काम केलेला आकडेतज्ज्ञ. ह्यूस्टनमध्ये त्याचा विभागच निर्णयशास्त्राचा होता.

त्यांनी काय केलं? ज्या खेळाडूला बाजारात काही किंमत आहे, त्याला विकलं आणि बदल्यात दुसऱ्या संघांची तरुण मुलं घेतली. सुरुवात लूनोच्या आधीच झाली होती. जुलै २०११ मध्ये हंटर पेन्स हा लोकांचा लाडका खेळाडू फिलाडेल्फियाला देऊन चार तरुण आणले गेले होते. त्यातलं डोमिंगो सांताना हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. लूनोने हाच मार्ग शेवटपर्यंत नेला. २०१३ पर्यंत अशी वेळ आली की न्यूयॉर्क यांकीजच्या एकट्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझचा वर्षाचा पगार अ‍ॅस्ट्रोसच्या अख्ख्या संघापेक्षा जास्त होता.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागले. २०१२ साली १०७ पराभव. २०१३ साली १११ पराभव, आणि त्या हंगामातले शेवटचे सलग १५ सामने हरून. २०११ धरून तीन वर्षांत ३२४ पराभव. २००४ साली ३० लाखांवर प्रेक्षक मैदानात आले होते. २०१२ साली साधारण १६ लाख आले. सप्टेंबर २०१३ मधल्या एका सामन्याचं शहरातलं टीव्ही रेटिंग ०.० आलं. अनेक घरांत वादामुळे ते चॅनेलच दिसत नव्हतं, हे खरं. पण मोजणाऱ्यांना ह्यूस्टनमध्ये एकही घर सापडलं नाही, ही बातमी देशभर झाली.

इथे एक खुलासा करतो. मैदानावरचे खेळाडू मुद्दाम हरत नव्हते. ते जीव तोडून खेळत होते, कारण त्यांच्यासाठी तीच शेवटची संधी होती. जिंकण्याची तजवीज केली नव्हती ती वरच्या कार्यालयाने. फसवणूक म्हणावी तर नियम मोडलेला नाही, आणि स्पर्धा म्हणावी तर स्पर्धा करायची इच्छाच नाही. या दोन्हींच्या मधली ही जागा आहे.

तीन पहिल्या निवडी

तीन वर्षं तळाला राहिल्याचं फळ म्हणून २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ड्राफ्टमधली पहिली निवड ह्यूस्टनला मिळाली. असं त्याआधी कोणत्याच संघाच्या बाबतीत घडलं नव्हतं. त्या तिघांचं काय झालं ते बघू.

२०१२: कार्लोस कोरेया, पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप. इथे लूनोची हुशारी दिसते. पहिल्या निवडीसाठी ठरलेली रक्कम होती ७२ लाख डॉलर. कोरेया ४८ लाखांवर तयार झाला. उरलेल्या पैशातून ह्यूस्टनने ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स या पिचरला २५ लाख देऊन घेतलं. तो एवढ्या खाली आला होता तो जास्त पैसे मागणार या भीतीनेच. एका निवडीच्या पैशात दोन खेळाडू आले, आणि दोघेही पुढे जेतेपदाच्या संघात होते. कोरेया २०१५ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

२०१३: मार्क अपेल, ह्यूस्टनमध्येच जन्मलेला, स्टॅनफर्डचा पिचर. त्याला ६३.५ लाख डॉलर दिले. दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट घेतला. २०१६ साली ब्रायंट त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्जने १०८ वर्षांनी जेतेपद मिळवलं. अपेल ह्यूस्टनसाठी मेजर लीगचा एक चेंडूही टाकू शकला नाही. २०१५ अखेर त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. २०१८ मध्ये त्याने खेळ थांबवला.

२०१४: ब्रेडी एकेन, कॅलिफोर्नियाचा शाळकरी पिचर. ६५ लाखांवर बोलणी ठरली. मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधात काहीतरी दिसलं आणि संघाने रक्कम खाली आणली. मुलाकडच्यांना ते मान्य झालं नाही. मुदत संपली, करार झाला नाही. त्या पोराच्या वयाचा विचार करा. जून महिन्यात तो देशातला पहिल्या क्रमांकाचा तरुण होता, जुलैच्या मध्याला त्याच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या वसंतात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही.

आता गंमत बघा. एकेनशी करार झाला नाही म्हणून नियमाप्रमाणे ह्यूस्टनला २०१५ साली भरपाई मिळाली, दुसऱ्या क्रमांकाची निवड. त्यातून अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमधला पाचवा सामना १३-१२ असा संपला, तो ब्रेगमनच्या फटक्यावर. म्हणजे तीन पहिल्या निवडींपैकी एक लागली, एक फुकट गेली आणि तिसरी बिघडली, पण बिघडण्यातूनच फायदा झाला. हे योजनेचं यश म्हणायचं की नशिबाचं? मला वाटतं, योजनेने संघाला खेळाडू मिळवून दिले नाहीत, फासे टाकायच्या संधी मिळवून दिल्या. दान पडणं वेगळं.

योजनेच्या आधीची पोरं

या कथेत नेहमी मागे पडणारा भाग आता सांगतो. व्हेनेझुएलात होझे आल्तुवे नावाचा एक मुलगा होता, उंची जेमतेम साडेपाच फूट. मराकाय इथे अ‍ॅस्ट्रोसच्या निवड चाचणीला आला, तेव्हा फार बुटका म्हणून त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो जन्मदाखला घेऊन परत आला. २००७ साली त्याला करार मिळाला, रक्कम १५ हजार डॉलर. व्हेनेझुएलाची मुलं ड्राफ्टमध्ये नसतात, त्यांना थेट घेतलं जातं. त्यामुळे पहिल्या निवडीशी त्याचा काही संबंध नाही. लूनो येण्याच्या आधीच, जुलै २०११ मध्ये, तो मोठ्या संघात आला होता. हरण्याच्या वर्षांत तो तिथेच होता. २०१७ साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

डॅलस कायकल, २०१५ चा लीगमधला सर्वोत्तम पिचर, २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत घेतलेला. जॉर्ज स्प्रिंगर, २०१७ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी, २०११ साली ११ व्या क्रमांकावर घेतलेला. हे सगळे ज्यांना नंतर जुन्या वळणाचे म्हणून बाजूला केलं, त्या लोकांनी निवडलेले.

आणि उलटही झालं. २००९ च्याच ड्राफ्टमध्ये विसाव्या फेरीत जे. डी. मार्टिनेझ हा बॅटर आला होता. त्याने आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली होती, पण मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं. त्याच्या जुन्या आकड्यांत नवी बॅट दिसत नव्हती. डेट्रॉइटने त्याला घेतलं. २०१७ साली त्याने ४५ होम रन मारले आणि २०१८ साली बोस्टनसोबत जेतेपद जिंकलं.

जेतेपद

जून २०१४ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाने मुखपृष्ठावर स्प्रिंगरचं चित्र छापून हे २०१७ चे जगज्जेते असं जाहीर केलं. लोक हसले. २०१५ साली संघ बाद फेरीत पोचला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेलं. संघाला आपले घरचे सामने फ्लोरिडात जाऊन खेळावे लागले. ३१ ऑगस्टला, मुदत संपायला काही क्षण उरले असताना, तीन तरुण देऊन डेट्रॉइटकडून जस्टिन व्हरलँडर हा ३४ वर्षांचा पिचर आणला. तरुणांवर उभारलेल्या संघाला शेवटची पायरी चढवायला एक जुना माणूस लागला.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सातवा सामना ह्यूस्टनने जिंकला. शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत आल्तुवेकडे गेला आणि त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला. ५५ वर्षांनी पहिलं जेतेपद. पुरात घरं गेलेल्या शहराला त्या रात्री काय वाटलं असेल, ते मी वेगळं सांगत नाही.

कचऱ्याचा डबा

इथे गोष्ट संपली असती तर ती व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवायला छान होती. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये माइक फायर्स या पिचरने द अ‍ॅथलेटिक या प्रकाशनाला सांगितलं की २०१७ साली ह्यूस्टन घरच्या मैदानावर कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होतं. कोणता चेंडू येणार हे आपल्या बॅटरला कळवायला खेळाडू कचऱ्याचा डबा वाजवत असत.

हा फायर्स ह्यूस्टनमध्ये आला कसा? तो डोमिंगो सांताना आठवतो ना, पेन्सच्या बदल्यात मिळालेला? २०१५ साली त्याला आणि आणखी तिघा तरुणांना मिलवॉकीला देऊन जे दोन खेळाडू आणले, त्यातला एक फायर्स. पुनर्बांधणीच्या पहिल्या व्यवहाराचा धागा असा त्या गौप्यस्फोटापर्यंत येतो.

१३ जानेवारी २०२० रोजी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांचा निर्णय आला. लूनो आणि प्रशिक्षक ए. जे. हिंच यांच्यावर एक वर्षाची बंदी. क्रेनने दोघांनाही त्याच दिवशी काढलं. आपल्याला याची माहिती नव्हती, असं लूनोने सांगितलं. संघाला ५० लाख डॉलर दंड झाला. आणि त्याहून बोचरी शिक्षा म्हणजे २०२० आणि २०२१ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या निवडी काढून घेतल्या. ज्या नाण्यात कमाई केली, त्याच नाण्यात दंड. मॅनफ्रेड यांनी अहवालात संघाच्या कार्यालयातल्या संस्कृतीवरही बोट ठेवलं: निकाल मिळाला की बाकी सगळं चालतं, अशी ती वृत्ती.

पुनर्बांधणी आणि खुणाचोरी हा एकच गुन्हा होता असं मी म्हणणार नाही. हरण्याची योजना नियमात होती, खुणाचोरी नियमाबाहेर. पण जिथे तीन वर्षं माणसांकडे फक्त किंमत म्हणून बघितलं गेलं, तिथे थांब म्हणणारा आवाज बारीक झाला असेल, तर मला नवल वाटत नाही.

मग शिकायचं काय

ह्यूस्टनची नक्कल खूप झाली. शिकागो व्हाइट सॉक्सने २०१६ च्या डिसेंबरपासून हेच केलं: चांगले खेळाडू विकले, नावाजलेले तरुण जमवले. २०२१ साली विभागाचं जेतेपद मिळालं, पण बाद फेरीतली एकही मालिका जिंकता आली नाही. २०२४ साली तोच संघ १२१ सामने हरला, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम. पद्धत तीच, दान वेगळं.

शेवटी लीगलाही नियम बदलावा लागला. २०२२ च्या करारानंतर पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात. तळाला राहिलात म्हणून पहिली निवड मिळेलच, अशी आता हमी नाही. मायनर लीगचंही तसंच. खालच्या पायऱ्यांवर महिन्याला हजार-अकराशे डॉलरवर, तेही फक्त हंगामापुरते, राबणाऱ्या पोरांच्या खटल्यात लीगने २०२२ साली १८.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. सगळ्या पुनर्बांधण्या त्या पोरांच्या जोरावर उभ्या होत्या.

ह्यूस्टनने २०२२ साली पुन्हा जेतेपद जिंकलं, स्वच्छ. कोरेया आणि स्प्रिंगर तोवर निघून गेले होते. त्या मालिकेचा मानकरी जेरेमी पेन्या हा २०१८ च्या तिसऱ्या फेरीतला. पिचर फ्रँबर वाल्देझ डॉमिनिकन रिपब्लिकमधून १० हजार डॉलरवर घेतलेला. पहिल्या निवडीसाठी हरावं न लागता मिळालेली ही माणसं. मुलं शोधणं आणि घडवणं हे खरं काम होतं, आणि ते हरल्याशिवायही करता येतं, हे या दोघांवरून दिसतं.

त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाकडून एक पिचर वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानावर उतरला. तो मार्क अपेल. ड्राफ्ट झाल्याला नऊ वर्षं झाली होती, मध्ये खेळ सोडून तो परत आला होता. संघाच्या ताळेबंदात तो तोट्याच्या बाजूला केव्हाच लिहिला गेला होता. मला मात्र या सगळ्या इतिहासात त्याचा तो एक डाव फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही आता प्रत्येक खेळात लीग आहेत, आणि चार-पाच वर्षं द्या, तरुण संघ बांधतोय, हे वाक्य मालक लोक बोलायला शिकले आहेत. ते वाक्य खरं असू शकतं. फक्त ऐकताना विचारा की ही चार वर्षं कोणाच्या खात्यातून जाणार: तिकीट काढणाऱ्याच्या, की वेटिंग लिस्टवरच्या त्या अठरा वर्षांच्या पोराच्या?

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.